मगरीला काय, किती आणि कधी खायला घालावं

हे टिपण प्राणिसंग्रहालयं आणि बचाव केंद्रांतल्या प्राणीरक्षकांसाठी आहे. भारतातल्या मगर, सुसर (घडियाल) आणि खाऱ्या पाण्यातली मगर या तिन्ही जाती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे हौस म्हणून मगर पाळण्याचा प्रश्नच येत नाही.

खाद्याची बादली उचलण्याआधी तापमापक पाहा. मगरीच्या शरीराचं तापमान आसपासच्या पाण्या-उन्हावर ठरतं आणि पचनही त्यावरच चालतं. 30 ते 33 अंश सेल्सिअसला भूक उत्तम लागते. पाणी 25 च्या खाली गेलं की खाद्य बंद करावं. गार अंगाने गिळलेलं मांस पोटात पचत नाही, सडतं. पुण्यासारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत मोठ्या मगरी आठवडेच्या आठवडे काही न खाता राहतात. त्यात काळजीचं काही नाही. खाल्ल्यावर मात्र ऊन खायला कोरडा काठ मिळालाच पाहिजे.

पिल्लांना आठवड्यातून पाच दिवस, संध्याकाळी द्यावं: लहान मासे, झुरळं-नाकतोडे, खेकड्याचे तुकडे, उंदराची पिल्लं. तुकडा पिल्लाच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा मोठा नको. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिले काही दिवस पोटात बलकाचा साठा असतो, तेव्हा खात नाही म्हणून जबरदस्तीने भरवू नये. उरलेलं सकाळी उचलून पाणी बदलावं. पूर्ण वाढलेल्या मगरीला आठवड्यातून एकदाच पुरतं. 100 किलोच्या मगरीला उन्हाळ्यात आठवड्याला साधारण 3 ते 4 किलो धरावं आणि शेपटीचं बूड पाहून कमी-जास्त करावं. बूड फुगून मऊ झालं, तर हात आखडता घ्या. सतत जादा प्रथिनं, त्यात थंडी किंवा पाण्याची कमतरता, यातून युरिक आम्ल सांध्यांत साचतं. मग पाय सुजतात आणि प्राणी चालेनासा होतो.

सगळ्यात जास्त बिघडतं ते हाडांवरून. मगर घास चावून खात नाही, तोडून गिळते, आणि तिच्या जठरातलं तीव्र आम्ल हाडंही विरघळवतं. म्हणून अख्खे मासे, अख्खी कोंबडी, उंदीर हे तिचं खरं अन्न. स्वच्छ केलेलं म्हशीचं मांस आपल्याला चांगलं दिसतं, पण त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाहीच. नुसत्या मांसावर वाढलेल्या पिल्लाचा जबडा रबरासारखा मऊ पडतो, कणा वाकतो आणि हे व्यंग नंतर सुधारत नाही. बिनहाडाचं मांस द्यावंच लागलं, तर किलोमागे 10 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट चोळावं. नुसत्या काळजा-कोथळ्यावर भागवू नये.

बर्फातले मासे स्वस्त आणि सोयीचे, पण साठवणीत त्यांतलं जीवनसत्त्व ब-1 कमी होतं, शिवाय काही माशांतलं एक विकर (एन्झाइम) ते नष्ट करतं. किलोमागे 25 ते 30 मिलिग्रॅम थायमिन (म्हणजेच ब-1) आणि 100 आययू (आंतरराष्ट्रीय एकक) जीवनसत्त्व ई माशाच्या कल्ल्यात सरकवावं. तारलीसारखे तेलकट मासे जुने झाले, खवट वास आला, की सरळ फेकावेत. त्यांनी शरीरातल्या चरबीला सूज येते.

एका तळ्यात अनेक मगरी असतील, तर दबंग मगर सगळं हडपते. दोन-तीन जणांनी एकाच वेळी वेगवेगळ्या काठांवर लांब चिमट्याने द्यावं. हाताने कधीच नाही, आणि काठाला लागून उभं राहूनही नाही. प्रेक्षकांची नाणी, प्लास्टिकच्या पिशव्या गोळा करण्याची फेरी खाद्य टाकण्याआधीच मारावी. पोटातले दगड मात्र मगर गिळतेच, ते आजाराचं लक्षण नव्हे.

सुसरीला यातलं बरंचसं लागू नाही. अरुंद, लांब जबड्याने ती मासेच पकडते. तिला कोंबडी दाखवू नका, शक्यतो जिवंत मासे पाण्यात सोडा.

पुरेशा उबेतही पिल्लू दोन आठवडे खात नसेल, तर आधी ते पिल्लू वेगळं काढा, लपायला आडोसा द्या, मगच पशुवैद्याला बोलवा. बहुतेक वेळा थोराड भावंडांच्या धाकानेच त्याचं खाणं थांबलेलं असतं.