ऑफसाइड कानाने ओळखा

गोव्यातल्या डिचोलीत भातकापणी उरकली की आमच्या वाड्यावरची मुलं शेतात बांबूचे गोल उभारतात. मी त्यांना फुटबॉल शिकवतो. दरवर्षी पहिल्याच रविवारी कुणीतरी विचारतं, "सर, ऑफसाइड म्हणजे नक्की काय?" मग मी धसकटांत चपला मांडतो.

एक चप्पल गोलात, ती गोली. दुसरी तिच्यापुढे दहा पावलांवर, तो शेवटचा बॅक, म्हणजे बचाव करणारा. आपला फॉरवर्ड, म्हणजे हल्ला करणारा, समोरच्या टीमच्या अर्ध्या मैदानात आहे, चेंडूपेक्षा गोलाच्या जवळ आहे आणि या दुसऱ्या चपलेपेक्षाही गोलाच्या जवळ आहे, म्हणजे तो ऑफसाइडच्या जागी. तिन्ही गोष्टी एकदम हव्यात. बॅकच्या बरोबरीत असेल तर चालतं; हे 1990 पासून. मोजायचा तो शेवटून दुसरा खेळाडू. गोली कॉर्नरसाठी वर गेला असेल तर मागे राहिलेले दोन बॅक धरायचे. 1925 पर्यंत फॉरवर्ड आणि गोल यांच्यामध्ये दोनाऐवजी तीन खेळाडू लागत, तेव्हा फॉरवर्डचे किती हाल होत असतील! डोकं, धड, पाय मोजायचे. हात मोजायचे नाहीत, गोलीचेसुद्धा नाहीत.

इथवर सगळ्यांना कळतं. गोंधळ होतो तो "कधी" याचा. आपल्या खेळाडूने पास मारला, त्या क्षणी कोण कुठे होता एवढंच बघायचं. चेंडू पोचला तेव्हा कोण कुठे होता, याला किंमत नाही. गावच्या मैदानावर पब्लिक "ऑफसाइड! ऑफसाइड!" ओरडतं ते बहुतेकदा चेंडू पोचल्यावर.

हीच चूक माझ्याकडून झाली आहे. एका गावच्या स्पर्धेत मी लाइन्समन होतो, म्हणजे कडेला झेंडा घेऊन ऑफसाइड बघणारा. पास सुटताना मान वळवून चेंडू बघितला. परत बघेपर्यंत बॅक वर धावला होता, फॉरवर्ड आत घुसला होता, दोघांत तीन पावलांचं अंतर. मी झेंडा वर केला, गोल रद्द झाला. संध्याकाळी तो फॉरवर्ड मुलगा येऊन शांतपणे म्हणाला, "दादा, पास सुटला तेव्हा बॅकच माझ्यापेक्षा गोलाच्या जवळ होता." तो खरं बोलत होता. मला ते अजून लागतं.

म्हणून मी मुलांना कान वापरायला शिकवतो. मेरेवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत उभं राहायचं, तो सरकला की आपणही आडवं सरकायचं. नजर रेषेवर. पास मारणाऱ्याकडे बघायचं नाही, त्याच्या पायाचा "ठप" ऐकायचा. ठप झाला की डोळे मिटायचे. मिटताना जे शेवटचं दिसलं, तेच खरं चित्र. वीस-पंचवीस वेळा करून बघा, फरक पडतो. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर गेलात तर पाच मिनिटं चेंडू सोडून लाइन्समनकडे बघा, तो कसा सरकतो ते कळेल.

नुसतं ऑफसाइडच्या जागी उभं राहणं हा गुन्हा नाही. त्याने चेंडू खेळला, गोलीची नजर अडवली, बॅकला आडवा आला, किंवा खांबाला लागून अथवा गोलीने अडवून परत आलेला चेंडू मारला, तरच फाउल. बॅकने ताबा असताना, स्वतःहून खेळलेला चेंडू फॉरवर्डकडे आला तर ऑफसाइड नाही. नुसता पायाला लागून वळला तर मात्र आहे. थ्रो-इन, कॉर्नर आणि गोलकिकवरून थेट मिळालेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतो.

म्हणून झेंड्याची घाई नको. फॉरवर्ड चेंडूला शिवेपर्यंत थांबलात तरी चालतं, चित्र डोक्यात पक्कं असलं म्हणजे झालं. मग झेंडा सरळ वर. रेफ्रीने शिट्टी मारली की जागा दाखवायची: पलीकडच्या बाजूला असेल तर झेंडा वर तिरका, मध्ये असेल तर आडवा, आपल्या बाजूला असेल तर खाली तिरका. तिथून इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल होत नाही ती.