जुन्या डायल फोनची घंटा फायबर लाइनवर

दादरच्या घरी फायबर आलं आणि आजोबांच्या काळ्या डायल फोनची घंटा नुसती गुरगुरू लागली. बोलणं मात्र स्वच्छ ऐकू येई.

ही घंटा एक्स्चेंजकडून येणाऱ्या सुमारे 75 व्होल्ट, 25 हर्ट्झच्या एसी विजेवर (दिशा बदलत वाहणाऱ्या) वाजते. फायबरच्या डब्याचा फोन पोर्ट (जिथे फोनची वायर लागते) बहुधा कमी व्होल्टेज देतो, आणि समांतर दुसरा फोन असला की जोर आणखी विभागतो. म्हणून आधी समांतर जोडलेला कॉर्डलेस काढला. थोडा फरक पडला.

मग लाइन काढून (रिंग येताना चांगला झटका बसतो!) फोन उघडला. घंटा हलवणारी तारेची कॉइल शाबूत होती, पण तिच्या सीरिजमधला (फक्त एसी जाऊ देणारा) कागदी कॅपॅसिटर मुंबईच्या दमट हवेत निकामी झाला होता. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून 2 मायक्रोफॅरड, 250 व्होल्टचा, पोलॅरिटी नसलेला फिल्म कॅपॅसिटर आणून लावला. घंटेच्या वाट्यांची भोकं मध्यावर नसतात. स्क्रू सैल करून वाटी जराशी फिरवली की टोल्याचं (वाटीवर आपटणाऱ्या दांडीचं) अंतर कमी होतं. टोला टेकून मात्र राहू देऊ नका, नाद मरतो. आता घंटा स्वयंपाकघरापर्यंत खणखणते, आणि हा नाद कुठल्याही रिंगटोनला नाही!

डायल अजून चालत नाही. आमच्या डब्याला पल्स (डायल फिरताना लाइनवर उठणारे ठोके) कळत नाहीत, त्यांचे बटणफोनसारखे सूर करायला पल्स-टू-टोन कन्व्हर्टर लागेल.