डोक्यातली मालिका बंद करून टीव्हीवरची कशी बघावी

जुलै 2019 मधल्या एका शनिवारी 'तुला पाहते रे' ही मालिका, म्हणजे तिचा नायक विक्रांतची गोष्ट, संपली आणि मी रिमोट सोफ्यावर आपटला. नवरा म्हणाला, "त्या विक्रांतनं तुझे पैसे बुडवलेत का?" पैसे नव्हते बुडवले. पण जवळजवळ वर्षभर रोज साडेआठला कुकर खाली उतरवून बसत होते, तेव्हा काहीतरी बुडालं होतं खरं.

बाजूला सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनीही मालिका पहिल्या दिवसापासून बघितलेली. "मेलो एकदाचो! बरा झाला," एवढं म्हणाल्या आणि सालं गोळा करून आत गेल्या. आम्ही कुडाळकडचे, राहतो डोंबिवलीला. त्या रात्री मला झोप लागेना ती विक्रांतमुळे नाही, सासूबाईंमुळे. मी 'आभाळमाया'पासून, म्हणजे 1999 पासून मालिका बघतेय. मग या बाईला जमतं ते मला का जमू नये?

मनासारखं घडलं नाही तरी न चिडता मालिका बघायची, तेव्हापासून हळूहळू बसवलेली ही पद्धत.

आधी आपली मालिका कागदावर उतरवा. शंभर पानी वही घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे 'काय होईल असं वाटतं', उजवीकडे 'काय व्हावं असं मला वाटतं'. शनिवारचा भाग संपला की दोन्हीकडे दोन-दोन ओळी. एवढंच. पण पहिल्या महिन्यातच लक्षात येतं की आपण चिडतो ते डावी बाजू चुकली म्हणून नाही. अंदाज चुकला तर उलट मजाच येते. चिडतो ते उजवी बाजू घडली नाही म्हणून.

माझंच बघा. विक्रांत सरंजामे आणि ईशा निमकर. वयात एवढं अंतर, तो श्रीमंत, ती चाळीतली. मी पोस्टात काउंटरवर होते, डब्याच्या वेळी आम्ही चौघी त्या दोघांचं लग्न लावत होतो, साड्यांसकट. पुढे तो निघाला नाव बदललेला गजा पाटील, ईशा निघाली त्याच्या पहिल्या बायकोचा, राजनंदिनीचा पुनर्जन्म, आणि माझं डोकं फिरलं. मला हळुवार प्रेमकथा हवी होती, ते रहस्य आणि सूड दाखवत होते. नंतर मी ॲपवर सुरुवातीचे काही भाग पुन्हा लावले. तोच माणूस, तीच थंड नजर. पहिल्या खेपेला त्या नजरेला मी रुबाब म्हणत होते.

वहीचा अजून एक उपयोग आहे, तो शेवटी सांगते.

प्रोमो चालू झाला की पाणी प्यायला उठा. यात मी फार कडक आहे. आठवड्याभरातली सगळ्यात झणझणीत तीस सेकंदं काढून प्रोमो करतात. सोमवारी थोबाडीत मारताना दाखवतात, ती थोबाडीत येते शनिवारी, आणि निम्म्या वेळा स्वप्नात. मधले पाच दिवस आपण प्रत्येक प्रसंगात तो हात शोधत बसतो. मधल्या दिवशी सासरा-सुनेचा एखादा छान साधा संवाद असतो, तो कानावरून जातो.

थोडा हिशेबही डोक्यात असू द्या. नियमाप्रमाणे तासाला 12 मिनिटं जाहिराती, म्हणजे अर्ध्या तासात उरली 24. त्यातून शीर्षकगीत, कालची उजळणी आणि उद्याची झलक वजा करा. राहतात वीसेक मिनिटं, म्हणजे चार-पाच प्रसंग. त्यात एक गोष्ट पुढे सरकली तरी पुष्कळ. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीच्या लांबलेल्या बाळंतपणावर किती विनोद फिरले होते, आठवतं ना? मीही महिने मोजायचे. आता मोजत नाही. रोजची मालिका रोज विणली जाते, दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि त्याप्रमाणे एखादा ट्रॅक ताणतात किंवा कापतात. हे मान्य करूनच समोर बसायचं, नाहीतर बसायचंच नाही.

'काय होणार' सोडून 'कसं होणार' बघा. हे मला 'रात्रीस खेळ चाले'च्या दुसऱ्या पर्वानं शिकवलं. पहिलं पर्व 2016 मध्ये आलं ते घरातले कर्ते पुरुष अण्णा नाईक यांच्या मरणापासून. जानेवारी 2019 मध्ये दुसरं सुरू झालं ते त्याच्या आधीची गोष्ट घेऊन. अण्णा मरणार हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक. तरी साडेदहाला आमच्या घरात कुणी हलायचं नाही. माधव अभ्यंकरांचे अण्णा नुसते ओटीवर येऊन बसले तरी पोटात गोळा यायचा. शेवट माहीत असल्यामुळे डोळे मोकळे होते. अण्णांच्या बायकोच्या, माईच्या हातातलं भांडं दिसायचं, घरच्या गड्याचं, पांडूचं "इसारलंय" शंभराव्यांदा ऐकूनही हसू फुटायचं. मी मध्येच अण्णांच्या प्रेयसीबद्दल "आता शेवंता काय करेल?" म्हटलं की सासूबाई दटावायच्या, "फुडचा फुडे. आता काय बोलता तां आयक."

नंतर कळलं की यावर अभ्यासही झालाय. 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट माहीत असलेल्यांना कथा सरासरी जास्तच आवडल्या. सासूबाईंना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, हे कळायला अमेरिकेत कशाला जायला हवं होतं.

नवीन पर्व सुरू झालं तर पंधरा दिवस तुलना बंद. इथे मी स्वतः नापास झालेली आहे. 2021 मध्ये 'रात्रीस खेळ चाले'चं तिसरं पर्व आलं, आणि माझ्या डोक्यात दुसरं इतकं घर करून बसलेलं की मी नवीन काही बघतच नव्हते, जुनं शोधत होते. पुढे शेवंताची भूमिका करणारी अभिनेत्री बदलली, तेव्हा तर मी आठवडाभर रुसले. आता नियम केलाय: चेहरा बदलला की बारा भाग काही बोलायचं नाही. बाराव्या भागापर्यंत डोळ्यांना सवय होते. नाही झाली, तर मग बोला.

दोन भागांमधला खंड जितका मोठा तितका डोक्यात मालिका रचायचा हा रोग जास्त. माझा भाचा 'गेम ऑफ थ्रोन्स' या इंग्रजी मालिकेचा वेडा. 2019 मध्ये शेवटचे सहा भाग आले, तेव्हा हा सोमवारी पहाटे सहाचा गजर लावून उठायचा. शेवट बघून इतका खवळला की, सगळा हंगाम पुन्हा बनवा अशी जी ऑनलाइन याचिका निघाली होती, तिच्यावर सही करून आला. दहा लाखांवर लोकांनी केली म्हणे, हा काही एकटा नव्हता. मी त्याला विचारलं, सातवा हंगाम कधी संपला होता? ऑगस्ट 2017. आणि आठवा सुरू झाला एप्रिल 2019 मध्ये. म्हणजे वीस महिने हा पोरगा तर्कांचे व्हिडिओ बघत स्वतःचा आठवा हंगाम लिहीत होता! मला दोन भागांमध्ये जेमतेम साडेतेवीस तास मिळतात, तरी मी चौघींचं लग्न-कार्यालय उघडलं होतं.

सोडायची असेल तर चांगल्या प्रसंगावर सोडा. वैताग आलेल्या दिवशी सोडलेली मालिका मनात कुजते. मी एखाद्या शनिवारी, भाग आवडला की थांबते. नणंदेनं 'चार दिवस सासूचे' मध्येच सोडली आणि दोन वर्षांनी पुन्हा धरली. 2001 ते 2013, तीन हजारांवर भाग. तिचं काही अडलं नाही. मालिकेतलं देशमुखांचं घर तिथेच होतं.

आता वहीचा तो दुसरा उपयोग. सासूबाई शहाऐंशीच्या झाल्या. हल्ली कालचा भाग आठवत नाही. संध्याकाळी खुर्ची पुढे ओढतात आणि विचारतात, "काल काय झाला गो?" मी वही उघडते. खरं घडलेलं सांगते, आणि कधीकधी हळूच उजव्या बाजूचंही वाचून दाखवते. मग आमच्या घरात नायिकेनं आठ दिवस आधीच नोकरी धरलेली असते आणि मालिकेतल्या त्या आत्याबाईंना घराबाहेर काढलेलं असतं. भाग सुरू होतो, आत्याबाई स्वयंपाकघरात ठाण मांडून. सासूबाई माझ्याकडे बघतात.

"परत इली ती?"

"परत आली, आई."

"येवंदे," म्हणतात आणि लसणाचं ताट मांडीवर घेतात.