रिलेत नवीन आहात? मग आधी बॅटन द्यायला-घ्यायला शिका

नवीन मुलं टीममध्ये आली की पहिला प्रश्न ठरलेला, माझं १०० मीटरचं टायमिंग अमुक आहे, मला शेवटचा लेग (रिलेत एकाने पळायचा टप्पा) मिळेल का? मी बरीच वर्षं दुसरा लेग पळालोय, आता ज्युनियर्सना शिकवतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की सुरुवातीला टायमिंग बाजूला ठेवा आणि एक्सचेंजवर, म्हणजे बॅटन (हातात घेऊन पळायची दांडी) एकाकडून दुसऱ्याकडे देण्यावर, मेहनत घ्या.

का ते बघा. २०१२ ला लंडन ऑलिंपिकमध्ये जमैकाने ४ बाय १०० मध्ये (चौघांनी प्रत्येकी १०० मीटर) ३६.८४ सेकंदांचा वर्ल्ड रेकॉर्ड केला. उसेन बोल्टचा एकट्याचा १०० मीटरचा रेकॉर्ड ९.५८, त्याची चौपट ३८.३२ होते! म्हणजे टीमचा वेळ त्याहून कमी, कारण पहिला सोडला तर बाकी तिघांच्या हातात बॅटन येतो तेव्हा ते आधीच वेगात असतात. २०१६ च्या रिओमध्ये जपानच्या चौघांपैकी एकानेही तोवर १०० मीटर १० सेकंदांच्या आत मारलं नव्हतं, तरी ३७.६० पळून सिल्व्हर घेऊन गेले, खालून वर बॅटन द्यायची पद्धत इतकी घोटलेली होती त्यांनी. आणि २००८ च्या बीजिंगमध्ये अमेरिकेच्या पुरुष आणि महिला दोन्ही टीमचा बॅटन हीटमध्येच, म्हणजे सुरुवातीच्या फेरीतच, पडला, स्पीड काय कमी होता का त्यांच्याकडे?

आता प्रॅक्टिसचं. ४ बाय १०० मध्ये झोन, म्हणजे बॅटन द्यायची आखलेली जागा, ३० मीटरचा असतो आणि बॅटन त्या झोनच्या आतच हातातून हातात जायला हवा, इथे तुमचे पाय कुठेयत ते बघत नाहीत, बॅटन कुठेय ते बघतात. तुम्ही जिथे उभे राहणार तिथून मागे पावलं मोजत जा, टाचेला पंजा लावून, आणि टेपने खूण करा. मागून येणारा त्या खुणेवर आला की सुटायचं, पूर्ण जोर लावून, तो पोचेल की नाही हा विचार डोक्यात आणायचाच नाही. तो फार लवकर अंगावर आला तर खूण अजून मागे न्या, पोचतच नसेल तर जवळ आणा. ही जुळवाजुळव फुल स्पीडलाच करायची, जॉगिंग करत ठरवलेली खूण रेसमध्ये काही कामाची नाही. आणि थोडे दमलेले असतानाही करून बघा, कारण येणारा शेवटच्या मीटरमध्ये ढिला पडतोच.

मागे बघू नका. हे सगळ्यात अवघड जातं नवीन मुलांना. येणारा "हँड" ओरडला की हात मागे, स्थिर, आणि बॅटन तळव्यावर बसेपर्यंत तो हलवायचा नाही, हात शोधत फिरला की देणारा गडबडतो. पहिला आणि तिसरा उजव्या हातात, दुसरा आणि चौथा डाव्या हातात, म्हणजे वळणावर पळणारा आतल्या कडेने पळू शकतो आणि मध्ये हात बदलायची भानगड नाही.

४ बाय ४०० चं मात्र वेगळं, तिथे येणारा पार थकलेला असतो त्यामुळे त्याच्याकडे बघूनच बॅटन घ्यायचा, तिथे आंधळेपणाने हात मागे करू नका.

क्रम लावताना सगळ्यात फास्ट तो शेवटी असं डोळे झाकून करू नका. स्टार्ट चांगला असलेला पहिला, वळण छान घेणारा तिसरा, आणि दुसऱ्या-तिसऱ्याला देणं-घेणं दोन्ही करावं लागतं म्हणून तिथे शांत डोक्याची मुलं हवीत. एकदा जोड्या जमल्या की उगाच बदलू नका, राखीव खेळाडूलाही सगळ्यांसोबत एक्सचेंज करायला लावा, ऐनवेळी कुणाचा स्नायू धरला तर तोच उतरणार.

बॅटन पडला तर ज्याच्या हातून पडला त्यानेच उचलायचा, दुसऱ्याने मदत करायची नाही. आणि देऊन झाल्यावर आपल्या लेनमध्येच थांबा, बाकीचे पुढे जाईपर्यंत हलू नका, दुसऱ्याच्या वाटेत आलात तर तुमची अख्खी टीम बाद होऊ शकते.