रविवार, वाचन आणि सहल

घरात बायबलवाचन सुरू करताना उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून क्रमाने जाऊ नका. लेवीय या तिसऱ्या पुस्तकातल्या होमबलींच्या (अग्नीत अर्पण करायच्या बळींच्या) नियमांपाशी मुलं हमखास कंटाळतात. येशूचं जीवन सांगणारं मार्ककृत शुभवर्तमान घ्या. 16 अध्याय, रोज रात्री जेवणानंतर एक. 14वा अध्याय मात्र 72 वचनांचा आहे, तो दोन रात्रींत विभागा. वाचणारा रोज बदला, अडखळलं तरी मध्येच दुरुस्त करू नका. नंतर बायबलमधलंच नीतिसूत्रे हे पुस्तक: 31 अध्याय, तारखेप्रमाणे एक.

सहल रविवारच्या चर्चमधल्या उपासनेच्या आड येते ती घाईमुळे. डबा आणि पाण्याच्या बाटल्या शनिवारी रात्रीच भरा, सकाळची पहिली उपासना गाठा आणि तिथूनच निघा. लांबचा प्रवास असेल तर शनिवार निवडा. पुणेकरांनी एकदा केडगावला जावं. दौंडच्या गाडीने पोचता येतं. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रियांसाठी उभारलेलं मुक्ती मिशन तिथे आहे. आधी चौकशी करून जा.

महिन्यातून एकच सहल पुरे. दर रविवारी बाहेर पडलं की वाचन पहिलं सुटतं. आणि विश्रांतीबद्दल अपराधी वाटत असेल, तर मार्क 6:31 (6वा अध्याय, 31वं वचन) काढा: दमलेल्या शिष्यांना येशू स्वतःच एकांतात विसावा घ्यायला सांगतो.