टर्बो उशिरा जागतो? आधी डाउनपाइप बघा
आंबा घाटाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, गाडी क्षणभर थबकली आणि मग सुटली, तर तो टर्बो लॅग: धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो जागा व्हायला लागलेला वेळ. रुंद सायलेन्सर पाइपने तो वाढतो, ही समजूत बिनटर्बो इंजिनांवरून आलेली आहे.

इंजिनातून टर्बोकडे धूर नेणारा मॅनिफोल्ड मात्र रुंद करू नका. तिथे वायूचा वेग आणि उष्णता टिकली तरच टर्बाइन, म्हणजे टर्बोचं धुराने फिरणारं चाक, लवकर फिरतं. टर्बोनंतर उलटं: मागचा दाब जितका कमी, तितका टर्बाइनच्या दोन बाजूंच्या दाबांतला फरक जास्त, आणि बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा दाब, लवकर. म्हणून पैसे आधी डाउनपाइपवर, म्हणजे टर्बोला लागून निघणाऱ्या पाइपवर घाला, मफलरवर नंतर. १.२ ते १.५ लिटरच्या पेट्रोल गाडीला सव्वादोन ते अडीच इंच व्यासाचा पाइप पुरतो. ३ इंच दोन लिटरच्या, दोनशेहून अधिक हॉर्सपॉवरच्या गाडीसाठी; छोट्या गाडीला तो म्हणजे नुसतं वजन आणि गतिरोधकाला घासणारं पोट. वळणं मॅन्ड्रेल बेंडचीच घ्या, म्हणजे आत आधार घालून, व्यास न दबता वाकवलेली. दाबून वाकवलेला पाइप वळणावर अरुंद होतो, मग खर्च फुकट.

पाइप मोकळा झाला की छोटा वेस्टगेट (जादा धूर टर्बाइनला वगळून सोडणारा व्हॉल्व्ह) कमी पडू शकतो आणि वरच्या आरपीएमला बूस्ट ठरलेल्यापेक्षा वर सरकतो. बूस्ट गेज लावा, इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग, म्हणजे ट्यून, तपासून घ्या. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नका. ते बेकायदेशीर आहे, धूरही घातक. त्याऐवजी हाय-फ्लो, म्हणजे धूर जास्त मोकळा सोडणारा कन्व्हर्टर घ्या.

खाऱ्या हवेत साधं लोखंड लवकर सडतं. ३०४ स्टेनलेस घ्या. टर्बोआधीच्या जोडातला गॅस्केट (धूर गळू न देणारी पट्टी) फुटला तर गार इंजिनावर टकटक ऐकू येते आणि लॅग वाढतो. पाइप बदलण्याआधी हे तपासा.