खुब्याच्या ऑपरेशननंतर ‘पाय लांब झालाय’ वाटतंय? या चुका टाळा

पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात आजोबांना चालवायला गेले, तर त्यांनी पायाच्या आधी चप्पल पुढे केली. डाव्या चपलेला खालून अर्ध्या इंचाचं काळं रबर चिकटवलेलं, कडेने सोल्युशन ओघळलेलं. उजव्या खुब्याचा सांधा बदलून जेमतेम 22 दिवस झाले होते. “उजवा लांब झालाय ना, मग डावा उंच नको करायला?” आजोबा म्हणाले. गणित बरोबर होतं. पण उजवा पाय लांब झालेलाच नव्हता.

मी नाशिकमध्ये घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. हिप रिप्लेसमेंटच्या पेशंटकडून सगळ्यात जास्त ऐकायला मिळणारं वाक्य दुखण्याबद्दलचं नसतं. “मॅडम, डॉक्टरांनी पाय लांब करून ठेवला” हे ते वाक्य. कधी ते खरंही असतं. पण पहिल्या दोन-तीन महिन्यांत बहुतेक वेळा पाय नाही, कंबर वाकडी असते.

घाईघाईने टेप लावणं

आजोबांना सरळ झोपवून कमरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून आतल्या घोट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले. फरक 4-5 मिलिमीटरचा. टेप जरा सैल धरली तरी एवढा फरक येतो, आणि कधी दवाखान्याचं तोंडही न पाहिलेल्या माणसांच्या पायातही तो असतो. मग वॉकर धरून त्यांना कपाटाच्या आरशासमोर उभं केलं आणि कमरेच्या दोन्ही कडांवर माझे हात ठेवले. उजवा हात डाव्यापेक्षा चांगला बोटभर खाली. आजींनाही ते लांबून दिसलं.

असं का होतं? खुबा झिजतो तेव्हा कूर्चा (हाडांमधली गुळगुळीत गादी) जाते, मांडीच्या हाडाचा सांध्यातला बॉल चपटा होतो आणि पाय हळूहळू आखूड होत जातो. हे काही वर्षं चाललेलं असतं. त्या आखूड पायाशी कंबर, पाठ, गुडघा सगळे जमवून घेतात, आजूबाजूचे स्नायू आखडतात. गेलेली उंची ऑपरेशनमध्ये दीड-दोन तासांत परत मिळते, पण स्नायूंना ती पचायला वेळ लागतो. खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू ताठ असतील तर ते कंबर त्या बाजूला खाली ओढतात आणि पाय लांब वाटतो. मांडीच्या आतले ताठ असतील तर उलटं होतं, कंबर वर खेचली जाते आणि पाय आखूड वाटतो. हाडं दोन्ही वेळा तेवढीच असतात.

म्हणून घरी टेप घेऊन बसू नका. अंथरुणात पाय जोडून टाचा जुळवून बघणं तर त्याहून वाईट. कंबर तिरकी असली की टाचा मागेपुढे दिसणारच, आणि एकदा दिसल्या की घरातला प्रत्येक जण येऊन बघून जातो.

चपलेला सोल लावणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सोल लावला की त्या दिवशी बरं वाटतं, म्हणून तर लोक लावतात. पण त्याने तिरकी कंबर तिरकीच राहते. आखडलेल्या स्नायूंना ताण बसायला हवा असतो, तो बसतच नाही. दोन महिन्यांनी पाठ धरते आणि मग “ऑपरेशनच बिघडलं” असं सुरू होतं.

साधारण पहिले तीन महिने, काहींच्या बाबतीत सहा महिनेसुद्धा, स्नायूंना जुळवून घ्यायला द्यावे लागतात. त्यानंतरही फरक जाणवत असेल तर उभं राहून काढलेला कमरेचा एक्स-रे बघून सर्जन ठरवतात. एक सेंटिमीटरपर्यंतचा फरक बहुतेकांना पुढे जाणवेनासा होतो. त्याहून जास्त असेल, त्रास होत असेल, तर सोल द्यावा लागतो, पण तोही सहसा पूर्ण फरकाएवढा नसतो. आधी थोडा देऊन बघतात.

अपवाद आहेत. दुसरा खुबाही झिजलेला असेल आणि त्याचं ऑपरेशन व्हायचं असेल, तर मधल्या काळापुरता सोल सर्जन स्वतः देऊ शकतात. पाठीचा कणा आधीपासून वाकडा आणि ताठ असेल तर कंबर फारशी सरळ होत नाही, तिथे हिशोब वेगळा. आणि काही वेळा सर्जन मुद्दामच पाय काही मिलिमीटर लांब ठेवतात, कारण सांधा सैल राहिला तर निखळायची भीती. हे त्यांना सरळ विचारा. यात अपमान वाटून घेण्यासारखं त्यांच्यासाठी काही नाही.

आजोबांच्या चपलेचं रबर त्याच दिवशी उपटलं. तीन महिन्यांनी आरशासमोर दोन्ही हात जवळजवळ एका रेषेत आले. “अजून जरासं वाटतं,” असं ते आजही म्हणतात, पण रामकुंडापर्यंत जाऊन येतात.

दिवसभर खुर्चीत

आपल्याकडे ऑपरेशन झालेला माणूस म्हणजे दरबार. पाहुणे द्राक्षांची पेटी घेऊन येतात, दोन-दोन तास बसतात आणि पेशंट खुर्चीतून हलत नाही. वर कोणीतरी प्रेमाने गुडघ्याखाली उशी सारतं. खुबा सतत वाकलेला राहिला की पुढचे स्नायू आखडतात. मग उभं राहिल्यावर पाय पूर्ण मागे जात नाही, माणूस पुढे वाकून चालतो, पाऊल तोकडं पडतं आणि तक्रार येते “पाय आखूड झाला”.

अर्ध्या-पाऊण तासाने उठा, चार पावलं टाका. दिवसातून दोन-तीनदा 15-20 मिनिटं पाठीवर सपाट झोपा, पाय सरळ, गुडघ्याखाली काही नको. पालथं झोपणं मात्र सर्जनने परवानगी दिल्यावरच.

लंगडणं म्हणजे आखूड पाय, असं समजणं

पाऊल टाकताना शरीर एका बाजूला झुकतंय? बहुतेकदा खुब्याच्या बाहेरचा स्नायू अजून कमजोर असतो, म्हणून तोल सांभाळायला माणूस झुकतो. पायाच्या लांबीचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही. उपाय व्यायामाचा आहे: सांगितल्याप्रमाणे पाय बाजूला नेणं, उभं राहून कंबर सरळ धरणं. कंटाळवाणा आहे, मान्य.

आणि काठी. दहातल्या आठ जणांच्या हातात मी ती चुकीच्या बाजूला बघते (हा माझा अंदाज, मोजणी नव्हे). उजवा खुबा बदलला असेल तर काठी डाव्या हातात. काठी आणि उजवा पाय बरोबर पुढे. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी. लाजेखातर वॉकर लवकर सोडणारे पुढे जास्त दिवस लंगडतात.

कुठली हालचाल बंद, हे न विचारणं

शेजारच्या काकूंना जे सांगितलं ते तुम्हाला लागू होईलच असं नाही. सांधा मागच्या बाजूने चीर देऊन बदलला असेल, तर पाय खुब्यात 90 अंशांपेक्षा जास्त वाकवणं, पायावर पाय टाकणं आणि पाऊल आत वळवणं टाळायचं असतं. पुढून बदलला असेल, तर पाय फार मागे नेणं आणि बाहेर वळवणं जपायचं. डिस्चार्ज कार्डवर लिहिलेलं नसेल तर विचारून घ्या, आणि किती आठवडे तेही.

मागून झालेल्यांसाठी नाशिकच्या घरातले धोके ठरलेले: बुटका सोफा, पूजेचा पाट, भारतीय संडास, खाली पडलेला मोबाईल. कमोड उंच करून घ्या, मोबाईलसाठी नातवाला हाक मारा. सिडकोतून दवाखान्यात यायचं तर रिक्षात वाकून शिरण्यापेक्षा गाडीची पुढची सीट पूर्ण मागे सरकवून, उशी टाकून, आधी टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. सप्तशृंगी गडाचं विचारणारे खूप असतात. ट्रॉली आहे, पण रांगेत किती वेळ उभं राहावं लागेल ते आधी बघा.

मालिश

पाय ‘खेचून सारखा करून देणारा’ कोणीतरी कोणाच्या तरी ओळखीचा असतोच. नव्या सांध्याला झटका देऊ नका. पोटरीला सूज असताना तिथे तेल चोळणं तर धोक्याचंच, कारण आत रक्ताची गाठ असू शकते.

कशाची वाट बघू नये

पडल्यावर किंवा वळताना अचानक कळ येऊन पाय आखूड झाला, पाऊल आत किंवा बाहेर वळून अडकलं आणि उभं राहता येईना, तर सांधा निखळलेला असू शकतो. ओढू नका, जसा आहे तसा ठेवून ॲम्ब्युलन्स बोलवा, 108 लावा. पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप लागणं, छातीत दुखणं हेही त्याच घाईचं. जखमेतून पाणी किंवा पू, ताप, पाऊल वर उचलता न येणं किंवा नवा बधिरपणा असेल तर त्याच दिवशी सर्जनला फोन.

बाकीची शंका पुढच्या तपासणीपर्यंत थांबू शकते. जाताना जुने एक्स-रे न्या, कंबर कधी जास्त तिरकी वाटते ते कागदावर लिहून न्या, आणि रोजची चप्पलही न्या. ती कोणत्या कडेने झिजलीय ते बघायचं असतं.